नोकरी सोडू की राहू? आधी बाहेर बघा, मग आत बोला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ९ वर्षं एकाच कंपनीत, अकाउंट्समध्ये. पगार वेळेवर होतो, मॅनेजर माणूस म्हणून चांगला, टीमशी पटतं, वेळेत घरी जाता येतं, पण कामात जीव राहिलेला नाही, सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो, घरचे म्हणतात एवढी चांगली नोकरी आहे मग खुपतंय काय, आणि हातात दुसरी ऑफर नाहीये. तर राहू की सोडू.

मी गेली २२ वर्षं हेच काम करतोय, आधी एचआरमध्ये माणसं घ्यायचो आणि जाणाऱ्यांचे एक्झिट इंटरव्ह्यू घ्यायचो, आता नोकरी बदलू बघणाऱ्यांना सल्ला देतो. आणि तरीही राहा किंवा सोडा असं मी आत्ता सांगणार नाही, कारण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून ते कुणालाच सांगता येणार नाही आणि तुम्हालाही ते डोक्यात घोळवून मिळणार नाही, कितीही रात्री जागलात तरी. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत पण त्यात एक गोष्ट कुठेच नाही: या ९ वर्षांत मॅनेजरला एकदा तरी स्पष्ट सांगितलंत का, की मला हे काम आता पुरत नाहीये आणि मला अमुक हवंय? माझा अंदाज, नाही. बहुतेक कुणीच सांगत नाही.

एक्झिट इंटरव्ह्यूत मी हे इतक्यांदा बघितलंय की सांगता सोय नाही. जाणारा माणूस शेवटच्या आठवड्यात माझ्यासमोर बसून मनातलं सगळं सांगायचा, मला दोन वर्षांपासून दुसऱ्या प्रकारचं काम हवं होतं, मला शिकायचं होतं, मला वाटलं कुणाला पडलेलीच नाहीये. मी विचारायचो की हे आधी कुणाला बोललात का, तर उत्तर यायचं की नाही, पण त्यांना कळायला हवं होतं ना. मग मॅनेजरला विचारलं तर तो म्हणायचा अरे मला वाटलं तो खूश आहे, कधी तक्रारच केली नाही. यातले काही मॅनेजर वेळ मारून नेत असतील, मान्य, पण सगळे नाही. शांतपणे चांगलं काम करणारा माणूस बाहेरून समाधानीच दिसतो, आणि त्याची तीच ओळख होऊन बसते.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक साधी मांडणी केली होती, की एखादी संस्था आपल्याला खटकायला लागली की माणसापुढे दोन रस्ते असतात, निघून जाणं किंवा बोलणं, आणि त्या जागेवर त्याचा जीव किती आहे यावर तो कुठला रस्ता धरेल ते ठरतं. पुढे १९८० च्या दशकात नोकरीतल्या असमाधानाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यात आणखी एक प्रकार धरला, दुर्लक्ष. म्हणजे माणूस जागेवर आहे, हजेरी लागतेय, पण मनाने तो कधीच गेलाय, चुका वाढतात, नवीन काही आलं की अंग काढून घेतो. मला तुमच्याबद्दल भीती आहे ती सोडण्याची नाही आणि राहण्याचीही नाही, या दुर्लक्षाची आहे. त्यात माणसाचा कामावरचा हात जातो. ३-४ वर्षं असं काढलं की पुढे बाहेर इंटरव्ह्यूला गेल्यावर अलीकडे काय केलंत या प्रश्नाला सांगायला काही उरत नाही, आणि मग सोडायचं ठरवलं तरी सोडता येत नाही.

पुढे जाण्याआधी एक. खाली जे सांगतोय ते तुमच्यासारख्या परिस्थितीसाठी आहे. जिथे छळ होतोय, अंगाशी येतंय, खोट्या कागदावर सही करायला लावतायत किंवा सुरक्षेचे नियम धाब्यावर बसवून काम करून घेतायत तिथे विचार-बिचार करत बसायचं नाही. पुरावे जपून ठेवायचे, घरच्यांना सांगायचं, जमेल तितक्या लवकर बाहेर पडायचं.

आणि थकव्याचंही बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, आजार म्हणून नाही तर कामातून येणारी अवस्था म्हणून, आणि तिची तीन लक्षणं दिली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. तीनही एकदम असतील तर आधी विश्रांती, गरज वाटली तर डॉक्टर, आणि नोकरीचा निर्णय त्यानंतर, कारण थकलेल्या डोक्याला सगळ्याच नोकऱ्या नकोशा वाटतात, नवीनसुद्धा. ज्यांचे तास फार लांब आहेत त्यांना हेही सांगतो, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त. तुम्ही वेळेत घरी जाता त्यामुळे तुमचं दुखणं हे नसावं. तुमचं दुखणं रिकामेपणाचं आहे असं मला वाटतं, आणि रिकामेपणा म्हणजे थकवा नव्हे, जरी दोन्हीत सकाळी उठावंसं वाटत नाही.

आता तुमच्याच मजकुरातली एक ओळ तुम्हाला परत दाखवतो. तुम्ही जाता जाता लिहिलंय की ३ वर्षांपूर्वी कंपनीत नवीन अकाउंटिंग सॉफ्टवेअर आलं तेव्हा जुना डेटा त्यात आणायच्या कामावर तुम्हाला ५ महिने घेतलं होतं, आणि तेव्हा उशीर झालेला पण कळायचा नाही. हे तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंय! मला विचाराल तर तुमच्या सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं आहे.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पिट्सबर्ग भागातल्या साधारण २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना हेच विचारलं होतं, कामात फार छान वाटलं होतं तो प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटलं होतं तोही सांगा. (हो, अकाउंटंटच, तुमच्याच पेशाचे.) त्यातून निघालं असं की छान वाटण्याच्या आठवणींत काहीतरी तडीस नेणं, कुणीतरी दखल घेणं, जबाबदारी मिळणं, आणि प्रत्यक्ष कामाचा आनंद हे येतं, आणि वाईट वाटण्याच्या आठवणींत कंपनीचे नियम, वरिष्ठांचं वागणं, पगार, सोयी हे येतं. म्हणजे पगार वेळेवर आहे, बॉस चांगला आहे, ऑफिस बरं आहे याने माणूस नाराज होत नाही इतकंच, खूश होईलच असं नाही. या मांडणीवर पुढे टीकाही झाली, की माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःला देतो आणि वाईटाचं खापर परिस्थितीवर फोडतो म्हणून उत्तरं अशी येतात, आणि त्यात तथ्य आहे. तरी घरच्यांचा जो प्रश्न आहे ना, खुपतंय काय, त्याचं उत्तर मला इथे दिसतं. घरचे ज्या गोष्टी मोजतायत त्या सगळ्या ठीक आहेत. जे नाहीये ते त्यांच्या यादीतच नाही. त्यामुळे त्यांचंही चूक नाही आणि तुम्ही कृतघ्नही नाही, हे जे तुम्ही स्वतःला लावून घेतलंय ते काढून टाका.

तर पहिलं काम हे, की कागद घ्या आणि या ९ वर्षांतले असे ४-५ प्रसंग लिहा जेव्हा काम हातात घेतल्यावर वेळ गेलेला कळला नाही. ते चांगलं होतं एवढं पुरत नाही, तेव्हा नेमकं काय करत होता ते लिहा. डेटा आणायच्या कामात तुम्हाला काय आवडलं, गोंधळ निस्तरायला आवडलं, की वेगवेगळ्या विभागांशी बोलायला मिळालं ते, की त्या कामाला शेवट होता हे? मंथ एंड क्लोजिंगला, म्हणजे दर महिन्याचे हिशेब बंद करण्याला, शेवट नसतो, एक संपलं की पुढचं उभं, आणि काही माणसांना नुसत्या याच गोष्टीने मरगळ येते. मी एका बाईंना ओळखतो, त्या दर वेळी म्हणायच्या मला अकाउंट्सच नको, आणि लिहून काढल्यावर कळलं की त्यांना आकडे आवडतात, पण त्यांचं काम दुसऱ्याने केलेल्या एंट्र्या तपासण्याचं होतं आणि स्वतःचं असं काही त्यात नव्हतं. त्या आज कॉस्टिंगमध्ये आहेत, म्हणजे खर्चाचा हिशेब काढण्याच्या कामात, त्याच कंपनीत. क्षेत्र बदलायच्या तयारीने दोन वर्षांच्या कोर्सची फी भरायला निघाल्या होत्या.

मी स्वतः हे न करता एक नोकरी सोडली होती. रागाने सोडली, सगळा दोष बॉसचा आहे असं समजून, आणि नवीन ठिकाणी आठव्या महिन्यात तीच घुसमट, बॉस मात्र अगदी देवमाणूस. तेव्हा लक्षात आलं की मला त्रास बॉसचा कमी आणि दिवसभर एकट्याने करायच्या कामाचा जास्त होता, मला माणसं लागतात. आगीतून फुफाट्यात नाही म्हणणार मी, पण एका खोलीतून अगदी तशाच दुसऱ्या खोलीत गेलो, आणि मधे जुन्या ठिकाणची ओळख, हक्काच्या रजा, लोकांचा विश्वास सगळं शून्यावर आलं.

दुसरं काम, आणि इथे बहुतेक सल्ल्यांशी माझं पटत नाही. लोक सांगतात आधी बॉसशी बोला आणि नाही जमलं तर बाहेर बघा. मी उलट सांगतो, आधी बाहेर बघा. राजीनामा द्यायला नाही, धमकी द्यायला तर अजिबात नाही, तर तुमची भीती कमी व्हायला. हर्शमन यांच्याही विचारात हे होतं की निघून जायची शक्यता खरी असली की बोलण्याला वजन येतं. ज्याला वाटतं की आपल्याला बाहेर कुणी घेणार नाही तो बॉससमोर अर्ध्याच आवाजात बोलतो, मागतो ते पण मोघम, आणि पहिल्याच नकाराला मान डोलावून बाहेर येतो. ९ वर्षं एका ठिकाणी असलेल्या माणसाला स्वतःची किंमत माहीतच नसते, कधी फार कमी वाटते तर कधी फार जास्त, आणि दोन्ही चुकीचं.

म्हणून येत्या २ महिन्यांत सीव्ही नीट करा, निदान ३ इंटरव्ह्यू द्या, आणि ज्या प्रकारचं काम तुम्हाला हवंसं वाटतंय ते आज प्रत्यक्ष करणाऱ्या ५-६ माणसांशी बोला. त्यांना नोकरी मागू नका, दिवस कसा जातो ते विचारा, सर्वात कंटाळवाणा भाग कुठला ते विचारा. दुरून डोंगर साजरे असतात, आणि ३ अशा गप्पांत अर्धे डोंगर गळून पडतात, जे उरतात ते खरे. ही माणसं शोधताना जवळच्या मित्रांवर थांबू नका, मित्रांना साधारण तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं की त्या ओळखीच्या माणसाला किती वेळा भेटायचात, तर बहुतेकांचं उत्तर होतं की अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा माणूस. त्यामुळे जुन्या कंपनीतला सहकारी, सॉफ्टवेअर बसवायला आलेली ती टीम, कॉलेजात दोन बाकं सोडून बसणारा, यांना फोन करा. संकोच वाटेल, करा तरी.

मग तिसरं, आत बोलणं. हे बोलणं म्हणजे मन मोकळं करणं नाही. मला कंटाळा आलाय, मला ग्रोथ हवी आहे, असलं काही बोलू नका, त्यावर मॅनेजर बिचारा करणार काय, तो म्हणेल बघू या. मागणी अशी पाहिजे की तिचं उत्तर हो किंवा नाही असंच येऊ शकेल. उदाहरणार्थ तुम्ही म्हणू शकता, ते डेटाचं काम केलं तेव्हा माझं काम सर्वात चांगलं झालं, मला त्या प्रकारचं काम माझ्या आठवड्यातला एक दिवस तरी हवंय, रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे नोंदी एकमेकींशी जुळवून बघताना, जे हाताने करतो त्यातलं काय काय सिस्टीमवर नेता येईल ते मी ३ महिन्यांत करून दाखवतो, त्यासाठी माझी ही दोन रोजची कामं दुसऱ्याकडे द्यावी लागतील. कोणती दोन, कोणाकडे, हेही तुम्हीच सुचवा. आपलं काम आतून थोडं थोडं बदलून घेणं यावर एमी रझेस्नेव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये लिहिलंय, त्यात हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण आहे, एकच काम करणाऱ्यांपैकी काहीजण स्वतःला रुग्णाच्या देखभालीचा भाग समजून तसे वागायचे, रुग्णांशी बोलायचे, आणि त्यांना तेच काम वेगळं वाटायचं. हे सगळीकडे जमत नाही आणि कंपनीने याचा फायदा घेऊन फुकट जास्तीचं काम लादू नये याचीही काळजी घ्यायला हवी, म्हणून ती दोन कामं काढून घ्या असं मी ठासून सांगतोय, नाहीतर आधीचं सगळं आणि वर हे, असं होतं.

आणि मग काय होतं ते बघा. शब्दांवर जाऊ नका, तारखेवर जा. चांगला मॅनेजर आणि काही करू शकणारा मॅनेजर यात फरक असतो, तुमचा पहिला आहे हे तुम्ही लिहिलंय, दुसरा आहे का ते तुम्हाला अजून माहीत नाही. ६ आठवड्यांत कॅलेंडरवर काही हललं का? एक काम तरी दुसऱ्याकडे गेलं का? तुमच्या मागणीसाठी त्याने त्याच्या वरच्याला विचारलं का? हललं असेल तर राहा आणि पुढचे ६ महिने मन लावून द्या, रोज उठून पुन्हा तोच प्रश्न काढू नका. पुढच्या क्वार्टरला बघू असं दोनदा ऐकलंत तर तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे.

सोडायची वेळ आली तर पैशाचं गणित आधी. हातात ऑफर असेल तर सरळ आहे. नसेल तर महिन्याचा खरा खर्च काढा, हप्ते धरून, दवाखाना धरून, आणि बाजूला ठेवलेले पैसे त्यात किती महिने पुरतात ते बघा. तुम्हाला वाटतं तेवढ्या वेळात नोकरी मिळत नाही, दुप्पट वेळ धरा. तेवढे महिने नसतील तर ऑफरशिवाय सोडू नका, यात मी कुणासाठीही अपवाद करत नाही, कारण पैशाच्या तंगीत घेतलेली नोकरी आधीच्यापेक्षा वाईट निघालेली मी फार वेळा पाहिलीये. राजीनामा दिल्यावर पगार वाढवून थांबवायला बघतील, तर स्वतःला एवढंच विचारा की दुखणं पगाराचं होतं का. तुमचं नव्हतं.

नवीन ठिकाणी पहिले काही महिने सगळं छान वाटेल, आणि मग ते उतरेल. वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मॅनेजर लोकांच्या नोकरीबदलांचा माग घेऊन हेच दाखवलं, बदलाआधी समाधान खाली गेलेलं, बदलल्या बदलल्या एकदम वर, आणि पुढे पुन्हा खाली. म्हणून दुसऱ्या वर्षात मन जरा बसलं की घाबरू नका, पण तुमच्या त्या कागदावरचं खरं कारण नवीन कामात भागतंय ना, हे ऑफर घेतानाच विचारून घ्या.

९ वर्षं वाया जातील का, असंही तुम्ही विचारलंय. ती वर्षं होऊन गेली, तुम्ही राहिलात तरी ती परत मिळणार नाहीत आणि सोडलीत तरी तुमचं शिकलेलं कुणी काढून घेणार नाही. हॅल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर यांच्या १९८५ च्या अभ्यासात नाटकांच्या सीझन तिकिटाला पूर्ण पैसे भरलेले लोक सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा पहिल्या अर्ध्या सीझनमध्ये जास्त नाटकांना गेले, नाटकं तीच होती, फक्त पैसे जास्त गेले होते. वर्षांचंही तसंच होतं, जितकी जास्त घातली तितकं उठवत नाही. मी स्वतः एका ठिकाणी ४ वर्षं अशीच जास्तीची काढलीयेत आणि ती मला अजून सलतात.

आणि सगळं करूनही काटा मधेच राहिला, म्हणजे इकडे थोडं हललंय आणि तिकडे बरी ऑफर आहे, तर? तेव्हा मी अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांचा प्रयोग आठवतो. ज्यांचा मोठा निर्णय होत नव्हता अशा लोकांना त्यांनी इंटरनेटवर नाणं उडवायला लावलं, २० हजारांहून जास्त नाणी उडाली, आणि नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या निर्णयात ज्यांनी बदल केला ते ६ महिन्यांनी जास्त आनंदी निघाले. स्वतःहून भाग घेतलेले, काठावर उभे असलेले लोक होते ते, त्यामुळे उद्या उठून सगळ्यांनी राजीनामा द्यावा असा त्याचा अर्थ नाही. पण खरंच काठावर असाल, पैशाचं गणित बसत असेल आणि आत बोलून झालं असेल, तर माझा कौल जाण्याकडे आहे. माणूस काठावर असताना बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त सावध असतो, मी होतो, माझ्याकडे येणारे असतात.

तुम्ही मात्र अजून काठावर नाही आहात, त्याच्या खूप आधी आहात. हा आठवडा कागदाला द्या, पुढचे दोन महिने बाहेरच्या माणसांना. आणि मॅनेजरशी बोलणं क्लोजिंगच्या आठवड्यात ठेवू नका, त्याचं निम्मं लक्ष आकड्यांत असेल. क्लोजिंग संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्धा तास मागून घ्या, आणि ती दोन कामं कोणाला द्यायची त्या माणसाचं नाव लिहून बरोबर न्या.